साथरोग आणि लोकप्रतिनिधी : जाब कोणी व कसा विचारावा?



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी विषयाकडे वळतो. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील महामारीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. वैद्यांनी लिहिले, अर्थशास्त्रज्ञांनी लिहिले, ज्यांची माणसे गेली त्यांनीही लिहिले. परंतु ज्यांना आपण मते देऊन सभागृहात पाठवतो, त्यांचे काम या काळात नेमके काय होते याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. आमदार म्हणा, खासदार म्हणा, नगरसेवक म्हणा, त्यांच्याकडून आपण दोन अपेक्षा ठेवतो. दारी आलेल्या माणसाचे अडलेले काम करून द्यावे ही पहिली. सभागृहात उभे राहून सरकारला जाब विचारावा ही दुसरी. पहिले काम लोकांच्या डोळ्यांत भरते, दुसरे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर जाऊन पडते. ही दोन कामे परस्परांपासून वेगळी आहेत, असा एक रूढ समज आहे. साथरोगाच्या इतिहासाकडे पाहिले की तो समज टिकत नाही, असे मला वाटते. ते का, हे सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

आरंभ घरापासून करू. बारदेशातील हडफडे गावी १८५६ साली जन्मलेले डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस हे मुंबईत वैद्यकी करीत आणि मुंबई महापालिकेचे निवडून आलेले सभासदही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात त्यांनी काही रोगी तपासले. ताप, काखेत वा जांघेत आलेली गाठ आणि पाहता पाहता मृत्यू. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असे निदान त्यांनी केले आणि पालिकेच्या स्थायी समितीच्या बैठकीत ते उघडपणे सांगितले.

आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा ती साधी नव्हती. मांडवी हा बंदराला लागून असलेला, धान्याच्या वखारींनी गच्च भरलेला भाग. ‘प्लेग’ हा शब्द अधिकृतपणे उच्चारला गेला की परदेशची बंदरे मुंबईची जहाजे अडवणार, व्यापार बसणार आणि शहर ओस पडणार, हे सर्वांना ठाऊक होते. रोगाला दुसरे एखादे सौम्य नाव देऊन वेळ मारून नेणे अनेकांच्या सोयीचे होते. डॉक्टर म्हणून व्हिएगसांनी आपल्या रोग्यांवर उपचार करून गप्प बसले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु सभासद म्हणून समितीत बोललेला शब्द इतिवृत्तात जातो, आणि एकदा तो तेथे गेला की शासनाला ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. पुढे तज्ज्ञांनी निदानाची खातरजमा केली. प्लेगची लस शोधून काढणारे हाफकिन ऑक्टोबरात मुंबईस आले आणि जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. व्हिएगस वस्त्यांतून फिरून स्वच्छतेच्या मोहिमा चालवीत राहिले आणि १९०६ साली महापालिकेचे अध्यक्ष झाले. दवाखान्यात दिसलेले सत्य त्यांनी सभागृहात नेले. लोकप्रतिनिधीची दोन कामे एकाच माणसाच्या हातून, एकाच आठवड्यात घडल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मात्र सत्य सांगितले म्हणजे पुढचे सारे सुरळीत होते, असे नाही. सक्तीने रोगी उचलून नेण्याच्या धोरणामुळे मुंबईत असंतोष माजला आणि ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. सरकारने त्यावर जे उत्तर शोधले ते कायद्याचे होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यास व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात साथरोग अधिनियम संमत झाला. कायदा कसला, चार कलमांचे एक पान! पहिल्या कलमात नाव, दुसऱ्यात सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, तिसऱ्यात न ऐकणाऱ्यास शिक्षा. आणि चौथे कलम असे की, या कायद्यान्वये सद्भावनेने केलेल्या वा करू पाहिलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा वा खटला चालणार नाही.

या चौथ्या कलमाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. संकटात अधिकाऱ्याला धीटपणे निर्णय घेता यावा, प्रत्येक पावलाला कोर्टाची भीती नसावी, हा त्यामागील युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु कोर्टाचे दार अशा प्रकारे अडवले की जाब विचारण्याची जागा उरते ती एकच, कायदेमंडळ. आणि ते कायदेमंडळच दुर्बळ असेल तर काय होते, हे पुण्याने त्याच वर्षी पाहिले.

मार्च १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या हाती पुण्याचा प्लेग-बंदोबस्त देण्यात आला. गोऱ्या शिपायांच्या तुकड्या घरोघर शिरून तपासणी करू लागल्या. देवघरे, स्वयंपाकघरे, बायकांच्या खोल्या, काहीच वर्ज्य राहिले नाही. त्या वेळी लोकमान्य टिळक मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे सभासद होते. ‘निवडून आलेले’ असे आपण म्हणतो. १८९२ च्या कायद्याने मात्र तो शब्द कटाक्षाने टाळला होता. स्थानिक मंडळांनी नावाची शिफारस करायची आणि सरकारने नेमणूक करायची, असा तो द्राविडी प्राणायाम होता. १८९५ साली टिळक अशा रीतीने कौन्सिलात गेले आणि १८९७ मध्ये पुन्हा गेले. सभासदाला प्रश्न विचारता येई, अंदाजपत्रकावर भाषण करता येई. पण अंदाजपत्रकावर मत देता येत नसे, आणि उत्तर असमाधानकारक असेल तर पुरवणी प्रश्नही विचारता येत नसे. सरकारने सांगितले ते ऐकून खाली बसायचे. पुरवणी प्रश्नाचा हक्क प्रथम १९०९ मध्ये, तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरताच मिळाला. इतर सभासदांना त्यासाठी १९१९ च्या सुधारणांपर्यंत थांबावे लागले.

मग अशा सभासदाने करायचे काय? टिळकांनी दोन वाटा धरल्या. शहरातील अनेक मातबर मंडळी गाव सोडून गेली असता ते पुण्यातच राहिले आणि हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग-इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेऊन त्याच्या व्यवस्थेत त्यांनी जातीने लक्ष घातले. सरकारी इस्पितळाच्या भीतीने लोक रोगी दडवून ठेवीत. रोगी दडला की साथ पसरे. लोकांचा विश्वास बसेल असे इस्पितळ काढणे हाच रोगावरील एक उपाय होता. दुसरी वाट लेखणीची. उपाय आवश्यक आहेत, लसही आवश्यक असेल, पण ते अमलात आणण्याची रीत जुलमी आहे, असा भेद ते ‘केसरी’तून करीत राहिले. त्याच्या आदल्या वर्षीच्या दुष्काळातही त्यांची पद्धत हीच होती. सरकारचा स्वतःचाच दुष्काळ-संहिता नावाचा नियमसंग्रह लोकभाषेत आणून शेतकऱ्यांना सांगायचे की सारा-तहकुबी आणि कामावरची मजुरी ही मेहेरबानी नव्हे, हा तुमचा नियमाने ठरलेला हक्क आहे. मतदारसंघाची सेवा म्हणतात ती हीच, असे मी समजतो.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मरण पावला. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली आणि सप्टेंबरात दीड वर्षाची सक्तमजुरी. त्या वर्षीचा जाब विचारण्याचा अध्याय असा तुरुंगात जाऊन संपला.

याच प्रकरणाची दुसरी बाजू गोपाळराव गोखल्यांची आहे, आणि ती अधिक अवघड आहे. गोखले त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. शिपायांनी पुण्यात स्त्रियांची विटंबना केली, अशा मजकुराची पत्रे त्यांना मित्रांकडून आली. त्यांवर विश्वास ठेवून त्यांनी ते आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये प्रसिद्ध केले. सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर गोखले परतले, तोवर टिळक आणि नातू बंधू पकडले गेले होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येऊन नाव द्यावयास तयार होईना. ऑगस्ट १८९७ मध्ये गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. त्यांच्यावर स्वजनांनी जी टीका केली ती त्यांना जन्मभर बोचत राहिली. परंतु पुढे १८९९ मध्ये मुंबईच्या आणि नंतर कलकत्त्याच्या कायदेमंडळात गेलेले गोखले अंदाजपत्रकावर बोलत तेव्हा प्रत्येक विधानामागे आकडा असे, आणि आकडा बहुधा सरकारच्याच अहवालातला. त्या माफीचा या पद्धतीशी किती संबंध होता हे सिद्ध करणे कठीण आहे. संबंध होता असे मला स्वतःला वाटते. जाब विचारणाऱ्याला पुरावा लागतो, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसे भीतीपोटी बोलत नसतील तर पुरावा मिळत नाही. हा पेच १८९७ चा आहे आणि आजचाही आहे.

आता आपल्या काळाकडे येऊ. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा सरकारने जे कायदे हाती घेतले, त्यांत तो १८९७ चा एक पानी कायदाही होता. २२ एप्रिल २०२० रोजी अध्यादेश काढून आणि सप्टेंबरात त्याचा कायदा करून, आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यांस कडक शिक्षेची तरतूद त्यात घालण्यात आली. ती योग्यच होती. चौथे कलम होते तसेच राहिले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा आजच्या गरजांना अपुरा असल्याचे सांगितले.

कोर्टाची वाट अरुंद असताना सभागृहाची वाट तरी मोकळी होती काय? सप्टेंबर २०२० चे पावसाळी अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना भरले. शून्य प्रहर अर्ध्या तासावर आला. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. संसदीय समित्यांना दूरदृश्य माध्यमातून बैठका घेण्याची परवानगी मिळाली नाही. गोपनीयतेचे कारण देण्यात आले. याच काळात ब्रिटिश पार्लमेंटाने एप्रिल २०२० पासून काही सभासद पडद्यावर, काही सभागृहात अशी व्यवस्था करून प्रश्न चालू ठेवले होते. सभासदांच्या जिवाची काळजी घेणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु प्रश्नोत्तराचा तास म्हणजे नेमके काय गमावले, हे समजून घेतले पाहिजे.

प्रश्न दोन जातींचे असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला छापील उत्तर मिळते आणि विषय तेथेच थांबतो. सप्टेंबर २०२० मध्ये अतारांकित प्रश्न चालू होते. टिळकांच्या कौन्सिलात जी अवस्था होती, तिच्याशी याचे साम्य आपल्या ध्यानात आले असेल. १४ सप्टेंबर रोजी, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले असे विचारले असता, श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर आले की अशी माहिती ठेवली जात नाही. त्याच मंत्रालयाने परतलेल्या मजुरांचा आकडा मात्र १ कोटी ४ लाखांच्या वर असा अगदी राज्यवार दिला. चालत निघालेले मोजले गेले, वाटेत पडलेले नाहीत. समोर मंत्री असते, तर ‘ही माहिती ठेवावयाची नाही असे ठरवले कोणी?’ एवढा एकच पुरवणी प्रश्न पुरेसा होता.

‘नोंद नाही’ आणि ‘घडले नाही’ या दोन वाक्यांतले अंतर पुढच्या वर्षी अधिक क्लेशदायक रीतीने पुढे आले, आणि त्यात आपला गोवा आहे. मे २०२१ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पहाटे २ ते ६ च्या दरम्यान रोगी दगावत होते. ११ मे रोजी राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच त्या पहाटे २६ रोगी मरण पावल्याचे सांगून उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे याचिका आल्या. सिलिंडरांची ट्रॉली ट्रॅक्टरने ओढून आणण्यात आणि ते मुख्य नळीला जोडण्यात विलंब होतो व दाब पडतो, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. न्यायालयाने प्राणवायूअभावी कोणीही दगावता कामा नये असे बजावले, सरकारने चौकशी समिती नेमली. दोन महिन्यांनी, २० जुलै २०२१ रोजी, राज्यसभेत केंद्राचे लेखी उत्तर आले : प्राणवायूच्या अभावाने मृत्यू झाल्याचे राज्यांनी व केंद्रशासित प्रदेशांनी विशेषत्वाने कळवलेले नाही.

हे उत्तर ऐकून देशभर संताप उसळला. संताप समजण्याजोगा आहे. परंतु ते वाक्य कसे तयार झाले हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला हा एका ठराविक नमुन्यात भरला जातो. त्यात अखेरचे कारण, त्यामागचे कारण आणि मूळ रोग यांसाठी रकाने असतात. डॉक्टर लिहितात : श्वसनक्रिया बंद, न्यूमोनिया, कोविड. नळीतला दाब पहाटे तीन वाजता पडला, हे लिहिण्यास त्यात जागा नाही, कारण तो रोग नव्हे, व्यवस्थेतला दोष आहे. राज्ये ते दाखले मोजून केंद्राला कळवणार. केंद्र राज्यांनी कळवले तेच सांगणार. आणि आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याचे आठवण करून देणार. साखळीतला प्रत्येक दुवा आपापल्या परीने खरे बोलतो आणि शेवटी जे वाक्य सभागृहाच्या पटलावर येते ते ज्यांचा माणूस गेला त्यांना असत्याहून कठोर वाटते. प्रश्न ‘किती मेले?’ असा विचारला की हेच उत्तर मिळणार. ‘त्या चार रात्री दाब किती वेळा पडला, त्या तासांत त्या वॉर्डांत किती मृत्यू झाले, आणि नोंदवही कोणाच्या ताब्यात आहे?’ असा विचारला तर उत्तर टाळणे अवघड जाते. प्रश्न घडवणे हे कसब आहे, आणि ते वॉर्डाच्या दारात उभे राहिलेल्या प्रतिनिधीलाच साधते. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने सप्टेंबर २०२२ च्या अहवालात प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंची तपासणी करण्याची शिफारस केली. समित्यांचे अहवाल कोणी वाचत नाही, ही आपल्याकडची जुनी रड आहे.

बाहेरदेशीही सारे आलबेल नव्हते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एप्रिल २०२० मध्ये या महामारीसाठी खास उपसमिती नेमली. आरंभी जेम्स क्लायबर्न यांच्या अध्यक्षतेखाली तिचा भर सरकारी प्रतिसादातील त्रुटींवर होता. २०२३ मध्ये बहुमत बदलले, ब्रॅड वेनस्ट्रप अध्यक्ष झाले आणि विषाणूचा उगम हा प्रमुख विषय बनला. डिसेंबर २०२४ मध्ये ५०० हून अधिक पानांचा अहवाल आला, त्याबरोबर दुसऱ्या पक्षाचे वेगळे मतही. चौकशीची दिशा बहुमतानुसार फिरली की तिचा निष्कर्ष निम्म्या देशाला पटत नाही. ब्रिटनमध्ये दोन संसदीय समित्यांनी मिळून ऑक्टोबर २०२१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात सत्ताधारी पक्षाचे सभासद बहुसंख्य असूनही आरंभीचा विलंब ही गंभीर चूक ठरवली गेली. मला हा नमुना अधिक अनुकरणीय वाटतो.

आता दारी आलेल्याच्या कामाविषयी. दुसऱ्या लाटेत आमदार-नगरसेवकांचे फोन रात्रंदिवस वाजत होते. कोणाला खाट, कोणाला सिलिंडर, कोणाला इंजेक्शन. अनेकांनी जिवाची पर्वा न करता धावपळ केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि फोनवरून मिळवलेली एक खाट म्हणजे बहुधा ज्याच्याकडे फोन नव्हता त्याची खाट. खाटांची संख्या वाढवण्याचे साधन प्रतिनिधीच्या हाती किती होते? खासदारांना वर्षाला ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी असतो. ६ एप्रिल २०२० रोजी तो दोन आर्थिक वर्षांसाठी स्थगित करून महामारीच्या कामासाठी केंद्राकडे वळवण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अंशतः पुन्हा सुरू झाला. त्या निधीच्या विनियोगाबद्दल तक्रारी जुन्याच आहेत. तरीही आपल्या तालुक्याच्या इस्पितळात काय कमी आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्याच हातचा पैसा नेमका त्या दोन वर्षांत काढून घेतला गेला, हे मला पटलेले नाही.

शेवटी एका कागदाची गोष्ट. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांच्या कुटुंबीयांना सानुग्रह साहाय्य देण्याचे निर्देश दिले. सप्टेंबरात ५० हजार रुपये ही रक्कम ठरली. चाचणी होकारार्थी आल्यापासून ३० दिवसांतील मृत्यू, मग तो इस्पितळाबाहेर का झालेला असेना, धरावा असा नियम झाला. दाखल्यावर भलतेच कारण लिहिलेले असेल तर दाद मागण्यासाठी जिल्हावार समित्या झाल्या. यानंतरचे काम अगदी किरकोळ वाटणारे होते : अर्ज भरून देणे, जुना चाचणी-अहवाल शोधणे, विधवेचे बँकखाते उघडणे. गावोगाव कार्यकर्त्यांनी, पंचायत सदस्यांनी, काही ठिकाणी आमदारांच्या कचेऱ्यांनी ते केले. आणि त्या अर्जांच्या ढिगातून, कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बाहेर पडू लागले. आपले बडोद्याचे बांधव ज्या राज्यात राहतात त्या गुजरातेत अधिकृत मृत्युसंख्या जानेवारी २०२२ मध्ये १० हजारांच्या आसपास होती. तोवर मंजूर झालेले अर्ज ६० हजारांच्या पुढे गेले होते. महाराष्ट्रातही आलेले अर्ज अधिकृत आकड्याहून बरेच अधिक होते. नियमाची व्याख्या मोजणीच्या व्याख्येपेक्षा सैल होती, हे त्याचे एक कारण खरेच. तरी हे आकडे सर्वोच्च न्यायालयासमोर राज्यांनी स्वतः मांडलेले होते; कोणा विरोधकाचा तो आरोप नव्हता, की विलायतेत पाठवलेले निनावी पत्र नव्हते. प्रत्येक अर्जावर एक नाव, एक पत्ता आणि एक सही होती.